एसीतली साडेतीनशे ग्रॅम पऱ्हाटी

मे महिन्यातली रात्र. बाहेर झुळूक म्हणून नाही. तुम्ही ऑफिसातून येता, शूज कोपऱ्यात भिरकावता आणि पहिलं काम काय करता? रिमोट शोधता! चोवीसवर एसी, अंगावर पातळ पांघरूण (उकाड्यात एसी लावून पांघरूण घ्यायची मजा काही औरच, खोटं कशाला बोला) आणि सकाळी अलार्म वाजेपर्यंत जगाशी कट्टी. तोवर मीटर आठ-दहा युनिटांनी पुढे सरकलेलं असतं. बिल येईपर्यंत त्याची आठवणही होत नाही.

आता एक छोटासा हिशेब. घाबरू नका, एक्सेल उघडायची गरज नाही. कोळशावरच्या वीजकेंद्रात एक युनिट वीज काढायला ढोबळमानाने साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तुमच्या एका रात्रीच्या गारव्यासाठी सहा-सात किलो. तुमची सगळी वीज कोळशाचीच असते असं नाही, पाणी, वारा, सूर्यही आपापला वाटा उचलतात. पण रात्री सूर्य रजेवर असतो आणि ओव्हरटाइम कोळसाच करतो! तर या कोळशात दर शंभर किलोमागे पाच किलो शेतातलं काड-कुटार मिसळायचं, असं आपल्याकडे ठरलंय. भाताचा पेंढा, तुराटी, पऱ्हाटी, काहीही. तसं झालं तर तुमच्या एका रात्रीत तिचा वाटा येतो तीन-साडेतीनशे ग्रॅम. भेळेच्या दोन पुड्यांएवढा.

हा हिशेब मी कॉफी मशिनपाशी मोठ्या उत्साहात मांडला, तेव्हा आमच्या टीममधला यवतमाळकर फिस्सकन हसला. घरी पंधरा एकर वावर, त्यातला अर्धाअधिक कापूस. म्हणाला, ‘‘साडेतीनशे ग्रॅम होय? ती आमच्या वावरातून तुझ्या एसीत येणार कशी, ते सांग आधी!’’

प्रश्न वाटतो तितका साधा नाहीये, बॉस. गेला महिनाभर मी त्याच्याच मागे आहे.

आधी वीजकेंद्रात काय होतं ते बघू, कारण तिथलं काम त्यातल्या त्यात सोपं. आपल्याला वाटतं, भट्टीत कोळशाचे ढेकळे टाकत असतील, जुन्या सिनेमातल्या इंजिनासारखे. तसं नसतं. कोळसा पट्ट्यांवरून गिरणीत जातो, तिथे त्याची फेस पावडरसारखी बारीक भुकटी होते आणि गरम हवेच्या झोतावर ती बॉयलरमध्ये फुंकली जाते. भुकटी उडता-उडताच जळते. आता या गिरणीत सुकलेला पेंढा नुसता टाकून बघा! कोळसा ठिसूळ, तो फुटतो. पेंढा चिवट, त्याच्या नुसत्या चिंध्या होतात. शिवाय तो कोळशापेक्षा कितीतरी लवकर पेट घेतो, त्यामुळे गरम हवेने गिरणीतच आग लागायची भीती.

म्हणून मग ‘पेलेट’. काड बारीक करायचं, सुकवायचं आणि जबरदस्त दाबाखाली साच्यातून काढायचं. बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तयार होतात. ढीगभर पेंढ्याची पोतंभर कांडी! या कांड्या कोळशाच्याच पट्ट्यावर सोडल्या की पाच-सात टक्क्यांपर्यंत बॉयलरमध्ये फारसा फेरफार करावा लागत नाही. उष्णतेच्या बाबतीतही त्या काही बिचाऱ्या नाहीत. आपला देशी कोळसा तसा बेताचाच, त्यात तीस-चाळीस टक्के राखच असते. चांगली पेलेट त्याच्या जवळपास पोचते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘टॉरिफॅक्शन’. काड जवळजवळ हवाबंद भांड्यात अडीचशे-तीनशे अंशांवर भाजायचं. जळू द्यायचं नाही, फक्त भाजायचं. ते काळं, कोरडं, ठिसूळ होतं आणि गिरणीत कोळशासारखं मुकाट्याने दळलं जातं. नाव अवघड वाटलं तरी गंमत बघा, फ्रेंचमध्ये हाच शब्द कॉफीच्या बिया भाजण्यासाठी वापरतात! तुमच्या हातातला एस्प्रेसो आणि तुराटीचा कोळसा, दोघं चुलत भाऊच म्हणायचे.

मग पाचच टक्के का, पन्नास का नाही? कारण पिकं जमिनीतून पोटॅश आणि क्लोरीन शोषून घेतात. भाताच्या पेंढ्यात तर सिलिकाही खच्चून. जळाल्यावर या राखेला कमी तापमानातच घाम फुटतो, ती मऊ होते आणि बॉयलरच्या नळ्यांना जाऊन चिकटते, कढईला पाक चिकटतो तशी. क्लोरीन हळूहळू नळ्या खातो. थोडं मिसळलं तर भागतं, भरमसाट टाकलं तर बॉयलर बंद करून खरवडत बसायची पाळी. शिवाय कोळसा उघड्यावर पावसात पडून राहिला तरी फारसं बिघडत नाही, पेलेट भिजली की फुगून तिचा पुन्हा भुसा! तिला शेड पाहिजे, राखण पाहिजे. थोडक्यात, नाजूक पाहुणी.

एवढा खटाटोप कशासाठी? तर दिल्लीसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे फ्लाइट घेतलेल्या कुणालाही विचारा. खिडकीतून दिसतो तो करडा रग. गाड्या, बांधकामं, कारखाने असे सगळेच त्यात सामील असतात, पण त्या काही आठवड्यांत पंजाब-हरयाणातल्या शेतांचा धूर त्यात येऊन मिसळतो. लोक सरळ शेतकऱ्याला शिव्या घालून मोकळे होतात. पण त्याची बाजू ऐकून घ्या. भूजल खाली चाललं म्हणून २००९ मध्ये पंजाब आणि हरयाणाने कायदा केला, जूनमधल्या ठरावीक तारखेच्या आधी भाताची लावणी करायची नाही. हेतू चांगलाच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. इकडे गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायलाच हवी. मधे उरले जेमतेम वीस दिवस. कापणीचं मशीन फूटभर धसकटं उभी ठेवतं, वर मोकळा पेंढा पसरून जातं. सिलिकामुळे जनावरंही तो नीट खात नाहीत. अशा वेळी काडेपेटी दोन रुपयांची आणि काम एका दुपारचं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

तोच पेंढा वीजकेंद्रात जळला तर धूर चिमणीपाशी येतो आणि राख पकडणारी यंत्रं त्यातली बहुतेक सगळी धूळ अडवतात. या योजनेचा खरा फायदा इथे आहे. कार्बनचंही बरं आहे म्हणा. रोपाने याच हंगामात हवेतून घेतलेला कार्बन परत जातो, कोट्यवधी वर्षं पुरलेला नाही. पण काड तोडायला, वाहायला, दाबायला डिझेल आणि वीज लागतेच, आणि शंभरातले पंच्याण्णव किलो कोळसा आहे तो आहेच. त्यामुळे कुणी ‘आमची वीज आता ग्रीन’ असं गुळगुळीत पोस्टरवर छापलं तर गालातल्या गालात हसायला हरकत नाही.

दिल्लीजवळच्या दादरीला एनटीपीसीने २०१७ मध्ये पेलेट मिसळून बघितल्या. जमलं. त्याच नोव्हेंबरात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने देशभरच्या कोळसा केंद्रांना ५ ते १० टक्के मिसळण्याचा सल्ला दिला. सल्ला तो सल्ला, डॉक्टरने सांगितलेल्या मॉर्निंग वॉकसारखा! फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या हवेसाठी नेमलेल्या आयोगाने ३०० किलोमीटरच्या आतल्या ११ केंद्रांना तसा आदेश दिला आणि ऑक्टोबरात ऊर्जा मंत्रालयाने सक्ती देशभर नेली. एक राष्ट्रीय मिशनही निघालं, ‘समर्थ’ नावाचं. आणि २०२३ मध्ये? तारीख पुढे! ५ टक्के २०२४-२५ पासून, ७ टक्के त्याच्या पुढच्या वर्षापासून. डेडलाइन सरकवण्याची कला फक्त आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरलाच येते असं वाटत होतं मला.

तारीख का सरकली? कारण पेलेटच नव्हत्या. आपली वीजकेंद्रं वर्षाला ७५ कोटी टनांहून जास्त कोळसा खातात. त्याचे ५ टक्के म्हणजे साडेतीन-चार कोटी टन. आणि २०२३ च्या मध्यापर्यंत देशभरात, आजवरचं सगळं मिळून, जळालेलं काड भरलं दोन लाख टनांच्याही आत. देशात शेतातलं जादाचं काड सरकारी अंदाजाने २३ कोटी टनांच्या घरात आहे, बरं का. माल आहे, गिऱ्हाईक आहे, वर कायदा आहे. मग अडलं कुठे?

मधल्या रस्त्यात.

एक हजार मेगावॉटचं केंद्र घ्या. ५ टक्क्यांसाठी त्याला दिवसाला सातशे टन पेलेट लागतील. म्हणजे तीनशे-साडेतीनशे एकरांचा पेंढा, रोज! बॉयलरला दिवाळीची सुट्टी नसते, शेताला मात्र हंगाम असतो. वर्षभराचा माल त्या वीस दिवसांत गोळा करायचा. गाठी बांधणारी मशिन्स एकाच आठवड्यात सगळ्यांनाच हवीत. पेंढा ठेवायला जागा पाहिजे, तो पेटू नये म्हणून लांब-लांब रचला पाहिजे. पेलेटचा कारखाना टाकणारा म्हणतो, वीजकेंद्राने सात-आठ वर्षांचा करार द्यावा, तरच बँक कर्ज देईल. वीजकेंद्र म्हणतं, आधी माल दाखव. नव्या मुलाला ‘अनुभव आहे का’ विचारतात, तसला प्रकार.

डेन्मार्कने हे आधी भोगलंय. तिथल्या संसदेतल्या पक्षांनी १९९३ मध्ये करार करून वीजकेंद्रांना वर्षाला १२ लाख टन गव्हा-सातूचा पेंढा जाळायला लावायचं ठरवलं, २००० सालापर्यंत. त्यांनाही वेळ लागलाच. पण तिथे शेतकऱ्याशी थेट करार, अर्ध्या टनाच्या चौकोनी गाठी, आणि केंद्राच्या दारात ओलावा मोजून त्यावर भाव. ओलं आणलं तर पैसे कापले, फार ओलं तर गाडी परत. (इंग्लंडमधल्या ड्रॅक्सचं उदाहरणही लोक देतात. पण तिथे जळतात त्या लाकडाच्या पेलेट, त्याही बऱ्याचशा अमेरिकेतून बोटीने आलेल्या. त्याचा आणि शेतातल्या काडाचा संबंध नाही. ते भांडणच वेगळं.)

आता आपल्या अंगणात येऊ. नियम देशभराचा, म्हणजे चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ सगळ्यांना लागू. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर ५ टक्क्यांसाठी दिवसाला दोनेक हजार टन काड लागेल. आकडा ऐकून छाती दडपते, पण विदर्भाकडे पऱ्हाटी आहे! महाराष्ट्रात कापूस ४० लाख हेक्टरांच्या आसपास असतो, म्हणजे साधारण एक कोटी एकर. एकराला टनभर पऱ्हाटी धरली तरी चंद्रपूरची वर्षाची भूक सात-आठ लाख एकरांत भागते.

आणि खरं सांगू? पऱ्हाटी पेंढ्यापेक्षा कितीतरी सरस. लाकडासारखी, राख कमी, उष्णता जास्त. वेचणी संपल्यावर पेरणीपर्यंत तीन-चार महिने हातात असतात, पंजाबसारखी वीस दिवसांची मारामारी नाही. शिवाय ती वावरात उभी राहणंच धोक्याचं. गुलाबी बोंडअळी तिच्यावर तग धरते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भाची काय दैना केली ते आठवत असेल. तेव्हापासून कृषी खातं कानीकपाळी ओरडतंय, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा. म्हणजे ती उचलून नेणारा कुणी आला तर शेतकऱ्याचं कामच होतंय! नागपूरला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रात पऱ्हाटीच्या कांड्या नि विटा करण्याचं कामही झालंय. म्हणजे करायचं कसं, हे माहीत नाही असं नाही.

एवढं सगळं मी आमच्या यवतमाळकराला ऐकवलं. त्याने शांतपणे फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाला, ‘‘बाबा, याले समजावून सांगा जरा.’’

पलीकडून आधी जेवणाची चौकशी झाली. मग माझं सगळं प्रेझेंटेशन त्यांनी न टोकता ऐकून घेतलं (आमच्या क्लायंटने शिकावं असं). आणि म्हणाले, ‘‘तुमच्या पुन्यात एसी चालवाले माया वावरातली पऱ्हाटी पाह्यजे, हे चांगलं हाये! न्या ना. पन तिले कचरा कोन म्हने?’’

इथे माझी दांडी उडाली. कारण मी अख्खा महिना ‘शेतीचा कचरा, शेतीचा कचरा’ करत फिरत होतो.

त्यांच्या घरी गॅस आहे. पण सिलिंडर पुरवून-पुरवून वापरायचा. आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, लग्नाकार्याचा स्वयंपाक या सगळ्याला अजून पऱ्हाटीच. ज्यांना वावर नाही त्या बायका दुसऱ्याच्या धुऱ्यावरून मोळी बांधून नेतात, कुणी पैसे मागत नाही. उद्या तिला भाव आला तर मालकाला चार पैसे मिळतील, उत्तमच. पण मोळीवाली काय करेल? सोयाबीनचं कुटार बैलांच्या गव्हाणीत जातं. तुराटीचं कूड होतं. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं चिपाड साखर कारखाना स्वतःच जाळून वीज करतो, जादाची विकतोही. पाचट जाळण्यापेक्षा शेतात पसरलं तर ओल टिकते, जमीन सुधारते. म्हणजे ज्याला आपण सरसकट कचरा म्हणतोय त्यातलं बरंचसं आधीच कुठे ना कुठे नोकरीला आहे! खरोखर बेकार आहे ते बांधावर पेटवून दिलेलं. तेवढं उचला, बाकीच्याला हात लावताना विचार करा. सरकारी अंदाजातला ‘जादा’ हा शब्द गावोगाव वेगळा निघणार आणि तो दिल्लीत बसून ठरवता येणार नाही, असं मला तरी वाटतं.

दुसरा मुद्दा पैशांचा. ‘‘उपटाले मजूर लागते बाप्पा,’’ बाबा म्हणाले. ‘‘चिमट्यानं उपटा, पेंड्या बांधा, बंडीत भरा. रोटावेटर फिरवला त एका दिवसात मोकळा होतो मी.’’ म्हणजे पऱ्हाटीचा भाव हा उपटायच्या मजुरीपेक्षा वर असला, तरच ती वावरातून हलणार. त्यावर तोडणी, वाहतूक, कांडी करणं, पुन्हा वाहतूक. आणि नेमकं चंद्रपूरला कोळशाच्या खाणी शेजारीच! तिथे कोळसा इतका जवळचा की पऱ्हाटी त्याच्यापुढे महागच दिसणार. उलट जिथे कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्या नाशिक-भुसावळकडे हिशेब जरा जुळतो. जिथे पऱ्हाटी पिकते तिथेच ती परवडत नाही, अशी गंमत.

हा जादा खर्च भरणार कोण? तर आपण. २०२१ च्या धोरणातच लिहून ठेवलंय, मिसळण्याचा वाढीव खर्च वीजदरात धरता येईल. दचकू नका. समजा, युनिटमागे इंधनाचा खर्च अडीच रुपये आहे आणि काड कोळशाच्या दुप्पट महाग पडलं. तर ५ टक्क्यांमुळे युनिटला वाढतात बारा-तेरा पैसे. तुमच्या एसीच्या रात्रीला सव्वा रुपया. कटिंग चहाचा एक घोटही नाही! चार महिने रोज एसी लावला तरी दीडशे रुपये. सिनेमाच्या मधल्या सुट्टीतले पॉपकॉर्न याहून महाग असतात.

सव्वा रुपया द्यायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त त्यातले किती आणे बाबांच्या बंडीपर्यंत पोचतात हे बिलावर कुठेतरी छापून यावं, एवढी इच्छा आहे. कारण मधे कांडीवाला आहे, ट्रकवाला आहे, ठेकेदार आहे. त्यांचंही पोट आहे, मान्य. पण दुधापासून तुरीपर्यंत या मधल्या रस्त्यात काय-काय सांडतं ते आपण बघतोच की. गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीने स्वतःच कांडी मशिन टाकलं, मजुरीचा पैसा गावातल्याच मोळीवाल्या बायकांना दिला, तर चित्र बदलू शकतं. त्यासाठी करार मात्र वीजकेंद्राला थेट त्यांच्याशी करावा लागेल, आणि तोही एका वर्षाचा नाही.

फोन ठेवताना मी बाबांना विचारलं, क्विंटलला किती मिळाले तर द्याल?

थोडा वेळ नुसताच पंख्याचा आवाज. मग म्हणाले, ‘‘भाव मंग ठरवू. आधी ट्रॅक्टर कोन पाठवते थे सांगा. अन् मार्चच्या आत पाठवा म्हना, मंग मले नांगरटी करा लागते.’’

यवतमाळकराने फोन खिशात टाकला आणि एसीचं रिमोट उचलून सव्वीसवर केलं. गरम होतंय म्हणून मागच्या रांगेतून आरडाओरडा सुरू झाला, पण रिमोट त्याने ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता.